कुर्ल्याची फियाट तुरिनला: १९६४ ची गाडी, आल्प्सचा घाट आणि अण्णा (सल्ला हवा आहे)

अर्धा चोक, ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी आइंडहोव्हनला राहतो. गेल्या सप्टेंबरात एका डच आजोबांच्या शेडमधून फियाट ११००डी विकत घेतली. १९६४ चं मॉडेल, फिकट राखाडी रंग, स्टिअरिंगलाच गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आपण जिला पुढे 'पद्मिनी' म्हणून ओळखलं, तिचीच ही इटलीत जन्मलेली थोरली बहीण.

घेण्यामागचं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ते बावीस वर्षं होते. दरवाजे बसवायचे. त्यांच्या हाताखालून किती गाड्या गेल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण स्वतःची एकही नव्हती. आम्ही लोकलने फिरलो आणि गणपतीला एसटीने चिपळूणला गेलो. अण्णा एप्रिलअखेर तीन महिन्यांसाठी इकडे येताहेत, वय एकाहत्तर. त्यांची एकच इच्छा आहे: तुरिनला फियाटचा तो छपरावर रस्ता असलेला कारखाना बघायचा आणि त्यावर ही गाडी एकदा फिरवायची.

बेत असा. १० मेला निघायचं. आइंडहोव्हन, ऱ्हाइन नदीच्या कडेने स्ट्रासबूर्ग, बाझेल, ग्रँड सेंट बर्नार्डचा घाट, तुरिन, रोम, नेपल्स आणि जमलं तर सिसिली. परतताना व्हेनिस, ब्रेनर, म्युनिक. साधारण पाच हजार किलोमीटर, तीन आठवडे. गाडीत अण्णा, आई, मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी.

गाडीचं बरंच काम झालंय. नवी बॅटरी, नवे प्लग, सीटला नवं कापड, पेट्रोलच्या टाकीला नवं चकचकीत किल्लीवालं झाकण, रेडिएटर धुऊन घेतला. बाकी काय बघू? कुठे अडकेन?

उंटावरून शेळ्या, ११ जानेवारी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाच माणसं, साठ वर्षांची गाडी आणि सिसिली? विमानाने तुरिनला जा, तिथे भाड्याने नवी फियाट ५०० घ्या, अण्णांना आइस्क्रीम खाऊ घाला, परत या. अर्ध्या पैशात काम.

अर्धा चोक, ११ जानेवारी

@उंटावरून शेळ्या, हिशोब बरोबर आहे तुमचा. पण नव्या ५०० चे दरवाजे अण्णांनी बसवलेले नाहीत ना. (या गाडीचेही नाहीत म्हणा, पण तिच्या दरवाज्याच्या आवाजावरून बिजागरी किती झिजलीय ते ते व्हिडिओ कॉलवर सांगतात.)

लिंबूटिंबू, ११ जानेवारी

फोटो टाका. फोटो नसलेला धागा फाउल धरण्यात येईल.

बाझेलकरीण, १२ जानेवारी

फार गोड बेत आहे, पण १० मेला ग्रँड सेंट बर्नार्डचा घाट बंद असतो हो! उंची २४६९ मीटर. वर बर्फाच्या भिंती असतात. साधारण जूनमध्ये रस्ता उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा बंद. नेपोलियन १८०० साली मे महिन्यातच फौज घेऊन इथून उतरला होता हे खरं, पण त्याच्याकडे ड्रम ब्रेक नव्हते.

मेमध्येच जायचं असेल तर खालून बोगदा आहे, टोल भरावा लागतो. गंमत म्हणजे हा बोगदा सुरू झाला मार्च १९६४ मध्ये. तुमची गाडी आणि तो एकाच वयाचे. तरी मी म्हणेन जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा आणि वरूनच जा. माथ्यावर जुना मठ आहे, तळं आहे, सेंट बर्नार्ड जातीचे ते प्रचंड कुत्रे आहेत. मुलीला तेवढंच पुरेल.

दुसरं, स्वित्झर्लंडचं विनियेट, म्हणजे मोटारवेच्या टोलचं स्टिकर. मोटारवेवर जाणार असाल तर ४० फ्रँक. ते वर्षाचंच मिळतं, आठवड्याचं वगैरे काही नाही. मोटारवे टाळून जाता येतं, पण चुकून एखाद्या रॅम्पवर चढलात आणि पकडले गेलात तर दंड २०० फ्रँक. मी तर घ्या म्हणेन.

दहाचा पाना, १२ जानेवारी

मी मिरजेचा. चाळीस वर्षं गॅरेज, आता मुलगा बघतो. फियाट या हातांनी इतक्या उघडल्यात की झोपेतही टॅपेट सेट करीन. मुद्द्याचं सांगतो.

तुम्ही बॅटरी, कापड आणि झाकण सांगितलं. ब्रेकबद्दल अवाक्षर नाही. ही गाडी चालू झाली नाही तर तुम्ही घरी राहाल, एवढंच. थांबली नाही तर कुठे जाल ते तुम्हीच ठरवा. चारही ड्रम उघडा, लायनर बघा, व्हील सिलिंडर ओले आहेत का बघा. ब्रेक ऑइल सगळं काढून नवं भरा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखाली पेडल कापसासारखं जातं. हे मी आंबोलीत एका गिऱ्हाइकाच्या गाडीत शेजारी बसून अनुभवलंय. तेव्हापासून आंबोलीचा देव मानतो.

उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची आपली जुनी खोड विसरा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबा, वेग पाडा, सोडा, ड्रमला श्वास घेऊ द्या.

रबर सगळं बदला: रेडिएटरचे होज, फॅनबेल्ट, पेट्रोलचे पाइप, एसी पंपाचा (म्हणजे इंजिनाला पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम. टायर वरून छान दिसत असतील, पण बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि साल, ते वाचा. दहा वर्षांवरचे असतील तर नक्षी कितीही असो, फेका.

अर्धा चोक, १३ जानेवारी

@बाझेलकरीण, बोगद्याचं वाचून अंगावर काटा आला. अण्णांचा व्हिसा जुलैअखेरपर्यंत चालेल, म्हणजे २० जूनला निघता येईल.

@दहाचा पाना, काका, टायर आताच बघून आलो. ०९०८. म्हणजे २००८ चे. फेकतो.

एक विचारायचं होतं. एक मित्र मार्चमध्ये मुंबईहून येतोय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच्याकडून हेड गॅस्केट, पिस्टन रिंगा, पंपाचं किट, पॉइंट, कंडेन्सर असं मागवावं म्हणतो. इथे सगळं सोन्याच्या भावाने मिळतं.

दहाचा पाना, १३ जानेवारी

थांबा! गॅस्केट आणि रिंगा अजिबात मागवू नका. आपली पद्मिनी १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर. तुमची ११००डी १२२१ सीसी, बोअर ७२. स्ट्रोक दोन्हींचा ७५, म्हणून लोक फसतात. आपलं गॅस्केट तुमच्या ब्लॉकवर ठेवलंत तर सिलिंडरच्या आत डोकावेल. नाव ११०० आणि इंजिन १२२१, हा घोळ इटालियन लोकांनीच घातलाय.

बाकीचं मागवायचं तर जुना भाग काढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा, मग दुकानदाराला पैसे द्या. "सेम है साब" वर विश्वास ठेवू नका.

अर्धा चोक, १३ जानेवारी

पट्टी घेऊन बसलो आहे.

पो नदीकाठी, १५ जानेवारी

तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलो, सहा वर्षं तिथेच होतो, म्हणून थोडं पाणी ओततो.

तुम्ही म्हणताय तो कारखाना लिंगोटो. १९२३ साली सुरू झाला. पाच मजली. कच्चा माल खालून आत जायचा, गाडी एकेक मजला चढत जोडली जायची आणि तयार होऊन थेट गच्चीवर निघायची. तिथे एक किलोमीटरहून लांब, दोन्ही टोकांना कलत्या वळणांचा ट्रॅक. चाचणी झाली की गोल फिरत्या रॅम्पवरून खाली. उत्पादन १९८२ मध्ये बंद झालं. नंतर रेन्झो पियानो या वास्तुविशारदाने त्याचं रूपांतर केलं. आता आत मॉल, हॉटेल, सभागृह, चित्रसंग्रहालय आहे.

वाईट बातमी अशी की गच्चीवर गाडी नेऊ देत नाहीत. २०२१ पासून तिथे बाग आहे, हजारो झाडं लावलीत. तिकीट काढून पायी फिरता येतं. कलत्या वळणावर उभं राहिलं की अण्णांना जे कळायचं ते कळेल. गाडीचा फोटो खाली काढा.

मोटारींचं राष्ट्रीय संग्रहालयही जवळच आहे, नदीच्या बाजूला. त्याला अख्खा दिवस ठेवा. लिंगोटो दोन तासांत होईल, अण्णा तिथून हलले तर.

जुनं पान, १५ जानेवारी

अवांतर, पण राहवत नाही. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ची, वालचंद हिराचंदांची. विमान, जहाज आणि मोटार, तिन्हींत हात घातलेला माणूस. आधी डॉज-प्लिमथ जोडायचे, मग फियाट आली. मागे उघडणाऱ्या पुढच्या दरवाज्यांची ती गुबगुबीत 'डुक्कर फियाट' आमच्या चाळीत डॉक्टरांकडे होती. नऊवारी नेसलेल्या बाईला उतरायला तिच्याइतकी सोयीची गाडी पुन्हा झाली नाही. मग आली डिलाइट, म्हणजे ११००डी. १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी. शेवटची काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. त्या दिवशी मी मुद्दाम दादरला जाऊन उभा होतो, एकही दिसली नाही.

अवांतर समाप्त.

हळू चालवा, १६ जानेवारी

कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. १९६४ च्या गाडीत पट्टे आहेत का? मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी बसणार आहे. कायदा तीन वर्षांखालच्या मुलांना पट्टा नसलेल्या गाडीत नेऊ देत नाही, तीनच्या वरच्यांना मागे बसवायला चालतं. चालतं म्हणजे शहाणपणाचं आहे असं नाही. पन्नास हॉर्सपॉवरची गाडी, शेजारून ऐंशीने जाणारे ट्रक आणि बूस्टर सीट अडकवायला काहीच नाही. अण्णांची हौस मला पूर्ण कळते. पण ती हौस अण्णांची आहे, मुलीची नाही.

उंटावरून शेळ्या, १६ जानेवारी

आता कसं. मी हेच म्हणत होतो, फक्त वाईट भाषेत.

अर्धा चोक, १८ जानेवारी

@हळू चालवा, प्रतिसाद वाचून दोन दिवस लिहिलं नाही. खरं सांगायचं तर हा विचार मी जाणूनबुजून टाळत होतो. गाडीला पट्टे नाहीत. बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मी हे तुला ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं."

ठरलं असं: पुढच्या दोन सीटना पट्टे बसवतोय. सांगाड्याला वेल्ड करून नीट जागा करावी लागेल, ते इथला जुन्या गाड्यांचा कारागीर करणार. गाडीतून मी आणि अण्णा. बायको, मुलगी आणि आई रेल्वेने बाझेलमार्गे तुरिनला येतील. आईचा प्रश्नच नव्हता. "कुर्ल्यात आयुष्यभर फियाट ऐकली, आता आल्प्समध्ये कशाला" हे तिचं मत आधीपासून होतं.

कागदी घोडा, १९ जानेवारी

सामान हलकं झालं हे उत्तम. आता कागद.

नेदरलँड्समध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि पन्नासच्या पुढे एपीके, म्हणजे गाडीची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणीही नाही. तुम्हाला दोन्ही लागू. पण तपासणी माफ म्हणजे गाडी ठणठणीत असा अर्थ नव्हे. निघायच्या आधी स्वखुशीने करून घ्या, ब्रेकचा आकडा कागदावर मिळेल.

विमा: क्लासिक पॉलिसीत वर्षाची किलोमीटरची मर्यादा आणि चालवणारा कोण हे दोन्ही बघा. अण्णा चालवणार असतील तर त्यांचं लायसन्स, भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि विमा कंपनीची लेखी संमती. तोंडी "हो हो चालेल" उपयोगाचं नाही. एएनडब्ल्यूबीचं (रस्त्यात मदतीला येणारा डच मोटार क्लब) परदेशातलं कव्हर घ्या, गाडी परत आणून देण्यासकट. जुन्या गाडीला वेगळी अट आहे का ते विचारा.

शहरं: जर्मनीतल्या पर्यावरण क्षेत्रात तिथल्या एच नंबरप्लेटवाल्या जुन्या गाड्यांना सूट असते, तुमची प्लेट डच, म्हणून आधी विचारून ठेवा. फ्रान्सचे प्रदूषणाचे स्टिकर १९९७ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना मिळतच नाहीत. म्हणून स्ट्रासबूर्गच्या बाहेर पार्क करा आणि ट्रामने आत जा. एवीतेवी जुन्या गावात गाडी चालवण्यात काय सुख आहे?

पेट्रोल: नेदरलँड्सचं साधं युरो ९५ म्हणजे ई१०, दहा टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. सुपर ९८ भरा, फ्रान्समध्येही ९८.

टोमॅटोचं सार, १९ जानेवारी

इटलीत एकच लक्षात ठेवा, झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग. गावाच्या जुन्या भागाच्या तोंडाशी लाल वर्तुळाची पाटी असते आणि कॅमेरा. मला तोस्कानातल्या एका गावात हॉटेल शोधताना एकाच संध्याकाळी तीन नोटिसा लागल्या, कारण मी त्याच पाटीखालून तीन चकरा मारल्या. नोटिसा घरी आल्या सात महिन्यांनी, तोवर सहलीचे फोटोसुद्धा विसरले होते. हॉटेल गावाबाहेर घ्या. नाहीतर हॉटेलवाल्याला आधीच गाडीचा नंबर देऊन तो नोंदवून घ्यायला सांगा.

बाझेलकरीण, २० जानेवारी

आणि ती सिसिली काढा हो यादीतून. दिवसाला अडीचशे किलोमीटर म्हणजे या गाडीत पाच-सहा तास. त्यात अण्णा एकाहत्तर वर्षांचे. तुरिनपर्यंत साधारण अकराशे होतील, ते सहा दिवसांत वाटून घ्या. एक पूर्ण दिवस मार्टिन्यीला थांबा. कारण दुसऱ्या दिवशी तिथल्या पावणेपाचशे मीटरवरून थेट २४६९ वर चढायचंय. तीन आंबोली एकावर एक रचल्यासारखं.

दहाचा पाना, २० जानेवारी

बाई बरोबर बोलल्या. त्यात भर: उंचीवर हवा विरळ, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच देत राहतो. गाडी काळा धूर काढेल, दम लागेल. हजार मीटरला दहा टक्के ताकद गेली असं धरा. माथ्यावर तुमच्या पन्नास घोड्यांतले बाराएक रजेवर असतील. पाणीही वर लवकर उकळतं, त्या उंचीला ब्याण्णवच्या आसपास. रेडिएटरचं झाकण दाब धरतं का ते तपासा. भल्या पहाटे चढा. काटा वर गेला तर थांबा, बॉनेट उघडा, पण झाकणाला हात लावू नका. पंपावर ओलं फडकं टाका, पेट्रोलची वाफ पाइपात अडकली तर ते सोडवतं. अण्णांना माहीत असेल.

लिंबूटिंबू, २ मार्च

फोटो???

अर्धा चोक, १२ मे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी. अण्णा आले. आल्या दिवशी चहा न घेता गॅरेजमध्ये गेले. चारही दरवाजे उघडून लावले आणि म्हणाले, "मागचा डावा आपला नाही." म्हणजे काय ते सांगितलं नाही.

काल चाचणी सहल केली. नेदरलँड्समध्ये घाट कुठून आणायचा? म्हणून फाल्सरबर्गला गेलो, देशाच्या युरोपातल्या भागाचं सर्वोच्च शिखर, उंची ३२२ मीटर. तीन देशांच्या सीमा तिथे मिळतात. अण्णा वर उभे राहून म्हणाले, "आणि डोंगर कुठाय?"

जाताना गाडी लोण्यासारखी. अण्णा काही वेळ चालवत होते. स्टिअरिंग डावीकडे असल्याने त्यांचा डावा हात अजून गिअर शोधायला जातो आणि त्याला सापडतो काच खाली करायचा दांडा. प्रत्येक वळणाला खिडकी थोडी उघडायची.

परतताना मात्र मासट्रिख्टच्या पुढे गाडी आचके देऊन बंद. दहा मिनिटांनी सुरू, पंधरा किलोमीटर गेली, परत बंद. मी पंप बघितला, फडकं ओलं करून टाकलं, पॉइंट घासले, काहीच नाही. शेवटी एएनडब्ल्यूबीला फोन लावला. पिवळी गाडी यायला चाळीस मिनिटं होती. तेवढ्यात अण्णा मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स' असा आवाज माझ्यापर्यंत आला.

दहाचा पाना, १२ मे

झाकण! किल्लीवालं चकचकीत झाकण! तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि मी ब्रेक ब्रेक करत बसलो. जुन्या बऱ्याच गाड्यांत टाकीत हवा झाकणाच्या भोकातून जाते. नव्या झाकणाला भोक नाही. पेट्रोल जातं तशी आत पोकळी होते, पंप ओढून ओढून थकतो. गाडी थांबली की हळूहळू हवा शिरते, म्हणून दहा मिनिटांनी परत सुरू. अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी शिकाऊ.

अर्धा चोक, १२ मे

सांगितला. अण्णा म्हणाले, "मी दरवाजेवाला. पण आमच्या शेजारीच टाकी बसवायचे."

पिवळ्या गाडीचा मुलगा आला तेव्हा आम्ही जुनं गंजकं झाकण लावून निघायच्या तयारीत होतो. त्याने त्या झाकणाचा फोटो काढून घेतला.

हळू चालवा, १३ मे

पट्टे बसले का?

अर्धा चोक, १३ मे

बसले. परवा दोघांनीही लावले होते. अण्णांनी कुरकुर केली, पण लावला.

शेवटचा बेत: २० जून, आइंडहोव्हन ते आयफेल, तिथून ट्रीअर, आल्सेस, बाझेल, मार्टिन्यी. २५ ला विश्रांती, २६ ला पहाटे घाट, रात्री आओस्ता, २७ ला तुरिन. तीन दिवस तिथे. मग गाडी सावकाश परत, मंडळी रेल्वेने. रोम, नेपल्स, सिसिली, व्हेनिस सगळं कापलं. ब्रेक ऑइल, लायनर, होज, टायर नवे. विम्याची संमती ईमेलवर आली आहे, कागदी घोडासाहेबांसाठी छापूनही ठेवली.

एकच वाद उरला होता, मार्टिन्यीपासून माथ्यापर्यंत गाडी कोण चालवणार. काल जेवताना मतदान घेतलं. आई, बायको आणि मुलगी, तिघीही अण्णांच्या बाजूने. मी आओस्ताच्या बाजूचा उतार उतरवणार. काका, अण्णा घाट कुठल्या गिअरमध्ये चढतात ते मी बघून ठेवीन.

लिंबूटिंबू, १३ मे

फोटो.